दाराआडची आई

मी एक जुनी आई आहे, मित्रांनो. जातीने लॅब्रडॉर. रंग एकेकाळी पिवळा होता, आता कोणता आहे ते नक्की सांगता येणार नाही, कारण मला उजेडात आणून बरेच दिवस झाले. माझ्या पिंजऱ्यात मी उभी राहू शकते, पण वळायचं म्हटलं तर आधी बसावं लागतं. पायांखाली जमीन नाही, तारेची जाळी आहे. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

माझा जन्म मात्र पिंजऱ्यातला नाही. पुण्याजवळ कल्पनाताईंच्या अंगणात मी जन्मले. ताई भारी खट! पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाला त्या आधी माझ्या आईपुढे नेऊन उभं करायच्या. तिच्या कंबरेच्या हाडांची तपासणी, आमच्या लसी, सगळं मोकळेपणाने सांगायच्या आणि मग त्याचीच उलटतपासणी घ्यायच्या. घरात दिवसभर कोण असतं? गावाला गेलात तर हिचं काय? एका गृहस्थांना त्यांनी चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. आईजवळ मनसोक्त राहून, भावंडांशी चावाचावी करून अंगी जरा शहाणपण आल्यावरच आम्ही घराबाहेर पडलो.

मला श्रीरंगकाकांनी नेलं. त्यांची केंद्र सरकारची नोकरी, दिल्लीत मोठं क्वार्टर, पुढे हिरवळ. त्या घरात मी सुखात होते. मग काकांची परदेशी बदली झाली. ते रडले, मी त्यांचे हात चाटले आणि त्यांनी मला कुत्र्यांच्या एका 'शौकीन' माणसाच्या हवाली केलं. ते शौकीन म्हणजे बॉबीजी. त्यांना मी नको होते, माझी पिल्लं हवी होती.

बॉबीजींची जागा करोल बागेच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. पुढच्या खोलीत सोफा, एसी, सुगंधी फवारा. मागच्या खोलीत आम्ही. पिल्लं धड चालायला लागली की पुढच्या खोलीत जात आणि परत येत नसत. पहिल्या खेपेला मी अन्नाला तोंड लावलं नाही. पुढच्या खेपेपासून जेवू लागले, कारण पोटात काही गेलं नाही तर दूध कुठून येणार?

हल्लीची गिऱ्हाइकं पिल्लाची आई बघायला मागतात. त्यासाठी बॉबीजींकडे राणी होती. धुतलेली, विंचरलेली, गळ्यात लाल रिबीन. बिचारीला जन्मात एकही पिल्लू झालेलं नव्हतं, पण सगळ्यांच्या पिल्लांची आई तीच.

एका रविवारी दाराच्या फटीतून मला मराठी ऐकू आलं. माझे कानच उभे राहिले! मयूर विहारहून वृंदा नावाच्या बाई आणि त्यांची मुलगी मयुरा आल्या होत्या. माझा पिंजरा दाराला लागूनच होता, मी फटीला डोळा लावला. माझं धाकटं पिल्लू राणीच्या पोटाखाली दूध शोधत होतं. राणी गुरगुरून बाजूला झाली. ते धडपडत निघालं आणि थेट माझ्या दारापाशी येऊन नखांनी ओरबाडू लागलं. मी अलीकडून जिवाच्या आकांताने भुंकले.

"पड़ोसियों की कुतिया है, मॅडम," बॉबीजी म्हणाले.

वृंदाताई हुशार. त्यांनी सगळं ओळखलं. दिल्लीतल्या मराठी घरांची एक सवय असते: दुकानदारासमोर मनातलं बोलायचं तर खुशाल मराठीत बोलायचं. भाजीपासून साडीपर्यंत ती कामी येते. ताईंनीही तेच केलं.

"मयुरा, चेहरा बिल्कुल नॉर्मल ठेव," त्या म्हणाल्या. "खरी आई आत कोंडलीय. आपण विचार करून सांगतो म्हणू, खाली जाऊ आणि प्राण्यांच्या संस्थेवाल्यांना फोन करू. ते आले की हिला सोडवू."

"पण आई, आत्ताच दरवाजा खोलायला सांग ना, प्लीज!"

"आत्ता नको. त्याला शक आला तर सगळं बिघडेल."

"आराम से सोचिए, मॅडम," बॉबीजी गोड हसून म्हणाले. "चाय मँगवाऊँ?"

चहा न घेता त्या दोघी जिना उतरून गेल्या. माझी शेपटी जाळीवर आपटत होती. आज मी सुटणार होते! तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. बॉबीजी माझ्यासमोर उकिडवे बसले, कडी काढली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "चल गं बाई, घरी जाऊ."

नागपुरात त्यांचा धंदा होता, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला एवढंच समजलं की कोणीतरी मला माझ्या भाषेत घरी बोलावतंय. मला ओढावंसुद्धा लागलं नाही. मागच्या जिन्याने मी त्यांच्यापुढे पळत उतरले आणि आपल्या पायांनी बंद टेम्पोत चढले. पाठोपाठ पिल्लं आली, दार लागलं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो गर्दीत अडला, तेव्हा पत्र्यापलीकडून मयुराचा आवाज आला: "आई, ते लोक कधी येणार?" मी भुंकले. पण हॉर्नच्या कलकलाटात कुत्रीचं कोण ऐकतं?

आता मी कुठल्या गावाच्या हद्दीत आहे, कोण जाणे. खोली नवी, पिंजरा तोच. ती पिल्लं कधीच गेली, नवी कुशीत आहेत.

वृंदाताईंवर माझा राग नाही. त्यांच्याइतकाही विचार कोणी केला नव्हता. पण मित्रांनो, तुम्ही पिल्लू आणायला जाल तेव्हा एवढं करा. आधी त्याच्या आईला भेटा. तिच्या अंगावरून हात फिरवा, पिल्लं तिच्याकडे झेपावतात का बघा. कल्पनाताईंसारखी माणसं स्वतःहून तिच्यापाशी नेतील. जिथे दार बंद असेल, तिथे नंतर येतो म्हणून जिना उतरू नका. मदत बोलवायची तर तिथेच उभे राहून बोलवा आणि आतली आई बाहेर येईपर्यंत हलू नका. तुम्ही परत याल तेव्हा ती तिथे नसते.