तत्रैव

कॉलेजातली पोरं ग्रंथपाल बाईंना पाठीमागे ‘मूळव्याध’ म्हणायची आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. प्रकल्प घेऊन कुणीही आलं की त्यांचं एकच पालुपद: “मूळ कुठंय? मूळ दाखव.” एकानं दुसऱ्याचं बघून लिहायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, याची त्यांना मनस्वी चीड होती. गेल्याच महिन्यात त्यांनी एका प्राध्यापकांचा लेख याच कारणावरून भर सभेत परत केला होता.

त्याच सरांच्या वर्गातली एक मुलगी आज पावणेचारला धापा टाकत आली. तिचा प्रकल्प शहराच्या पाणीपुरवठ्यावर. ‘विहिरीच्या दूषित पाण्यानं एका उन्हाळ्यात दोनशे चौदा माणसं दगावली,’ असं तिनं लिहिलं होतं. आधार: नगरपालिकेचा अहवाल, पान एक्केचाळीस. सरांनी अहवाल उघडला. त्या पानावर नळाच्या तोट्यांची यादी होती.

“सर म्हणतात, मी मनानंच ठोकून दिलंय. पाच वाजता समिती बसतेय. प्रकल्प रद्द झाला तर माझं वर्ष जाईल, मॅडम!”

“रडायचं नंतर. अहवाल तू स्वतः बघितलास?”

मुलीनं मान खाली घातली. पिशवीतून झेरॉक्सची पानं काढली. “यात होतं. मैत्रिणीकडून घेतली, वरचं पान नव्हतंच.”

पानं बघताच बाईंनी ती ओळखली. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली पुस्तिका. दोनशे चौदाच्या आकड्याला सातवी तळटीप: ‘तत्रैव, पान ४१’. तत्रैव म्हणजे तिथंच, वरच्याच पुस्तकात. वर सहावी टीप अहवालाची. पण ही सहावी टीप बाईंनी अगदी शेवटी, छापखान्यात उभ्या उभ्या घुसडली होती. त्याआधी ‘तत्रैव’च्या वर होती पाचवी टीप, दवाखान्याच्या मृत्यूनोंदींच्या वहीची; ती जुनी वही आता ग्रंथालयाच्याच कपाटात होती. मध्ये पाहुणी शिरली आणि बिचारं तत्रैव भलत्याच दारात जाऊन बसलं. बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, बाईंच्याही नाही.

गुपचूप वही काढून दिली असती तर झाकली मूठ राहिली असती. मुलीचं कदाचित निभावलं असतं, पण खोटेपणाचा डाग तिच्याच अंगावर राहिला असता. तरीही क्षणभर बाईंना तसं करावंसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

“तत्रैव म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

“वरचंच पुस्तक.”

“आणि वरची टीप मागाहून घुसवलेली असेल तर?”

मुलीचं बोट सहाव्या टिपेवरून पाचवीवर सरकलं. “मग... दवाखान्याची वही?”

“मला काय विचारतेस? बघ.”

लोखंडी कपाटाची किल्ली फिरता फिरेना. वही निघेपर्यंत सव्वाचार झाले. पानं एकमेकांना चिकटलेली.

“सावकाश. फाटलं तर हेही गेलं.”

अडतीस. एकोणचाळीस. पुढची दोन पानं सुटायला पाच मिनिटं लागली. एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाशी बेरीज होती: दोनशे चौदा.

मुलगी किंचाळलीच. “म्हणजे मी खोटं नाही लिहिलं! चूक या लेखकाची! कोण आहे हा दीडशहाणा?”

आता ‘माहीत नाही’ म्हणणं फार सोपं होतं. बाईंनी पुस्तिकेचं नाव सांगितलं आणि ग्रंथसूचीच्या कार्डांच्या खणाकडे बोट दाखवलं. “मूळ बघ.”

मुलीनं खण ओढला, पुस्तिकेचं कार्ड शोधलं. ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा पडला.

“मॅडम, हे समितीला कशाला सांगायचं? मीच चुकले म्हणते.”

“चुकलीसच तू. अहवाल न उघडता त्याचं नाव दिलंस. तेवढं तुझ्या नावावर लिही. बाकीचं माझ्या.” समितीत कोण बसलंय ते बाईंच्या डोळ्यांसमोर होतं: लेख परत केलेले तेच सर. हसतील, आणि हसण्याचा त्यांना हक्कच आहे.

पाचला दहा कमी. मुलीचं पेन कागदावर अडलं होतं. “लेखकाचं नाव... कसं लिहू?”

बाई वही छातीशी धरून उठल्या.

“कार्डावर आहे तसं, पूर्ण. तुम्ही पोरांनी ठेवलंय ते नको.”