बताशाचा नैवेद्य

उल्कानं मुसक्याचा पट्टा बताशाच्या कानामागून घेतला, आणखी एक भोक आवळला आणि त्याच्या पांढऱ्या कपाळावर थाप मारली.

"चल रे. फार लाडात येऊ नकोस."

बताशा मुसक्यातून फुरफुरला. त्या जाळीला तळाशी एकच भोक होतं, त्यातून गवताची चार पाती तोंडात आली तर आली. बंगळूरबाहेर, होसकोट्याच्या पुढच्या या तबेल्यात बाकीचे घोडे सकाळभर कुरणात तोंड खुपसून असत. या तट्टाला मात्र उजाडताना थोडा वेळ सोडायचं आणि ऊन चढायच्या आत मातीच्या कोरड्या आवारात परत आणायचं, असा नेम होता. उन्हाबरोबर गवतात साखर चढते. ती त्याला सोसत नसे. खूर आतून तापत, सुजत, आणि आतलं हाड जागा सोडू लागे. दोनदा होऊन गेलं होतं. "तिसऱ्यांदा झालं तर माझ्याकडून आशा ठेवू नका," असं डॉक्टर गुरुराज गेल्या वेळी तोंडावर सांगून गेले होते. तेव्हापासून वाळलेलं गवतसुद्धा त्याला पिंपात भिजवून, त्यातला गोडवा पाण्यात उतरवूनच मिळे.

हे कळायला अक्कल लागते, आणि रविवारी व्हाइटफील्डहून येणाऱ्या मंडळींकडे ती नव्हती. बाकी सगळं होतं. गुडघ्यापर्यंतचे बूट होते, हेल्मेटवर लावायचे कॅमेरे होते, लगाम कसा धरावा यावर तासभर बोलायची तयारी होती. मुसकं बघितलं की त्यांचे चेहरे पडत. "पुअर बेबी! ह्याला उपाशी ठेवता?" एका आईनं खिशातून चोरून गाजर आणलं होतं. उल्कानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिच्या पोरांसमोर उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकलं. ती बाई परत आली नाही. गेली उडत. उल्का नागपूरहून इथं आली ती कंप्युटरच्या नोकरीसाठी. ती नोकरी सोडताना साहेबाला जे चार शब्द ऐकवले होते, ते आठवून अजून तिला बरं वाटे. नवरा राजाजीनगरच्या घरात सुखात होता. ती इथं, हा तबेला चालवत, बताशाजवळ होती. तिच्या तोंडाचा पट्टा ज्याच्यावर कधी चालला नाही असा जीव तेवढा एकच.

दाराशी पावलं थांबली. मग खोकला. दयानंदची ही जुनी खोड. निपाणीकडचा माणूस, सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं, पण काही सांगायचं तर आधी दारात थांबणार, खोकणार, हिचं तोंड बघणार. मग एकतर बोलणार, नाहीतर न बोलताच मागं फिरणार.

"सापडला का मुहूर्त?" उल्का वळूनही न बघता म्हणाली.

"अवधूत सरांचा फोन आलता, अक्का. पूजेला यायलेत. आईला घेऊन."

"येऊ देत. आज खंडेनवमी, सगळ्या बंगळूरची अक्कल झेंडूत गुंडाळलेली आहे. डंपरला हार घालतायत, चौकाचौकात कोहळे फोडून रस्ते निसरडे करतायत. इथं येऊन घोड्याला कुंकू लावतील. लावू दे. पण याच्या तोंडात काही गेलं, तर तुझी चामडी सोलीन."

"सरी, अक्का," दयानंदनं होकार भरला.

अवधूत पुण्याचा. कंपनीत आर्किटेक्ट, पण घर बांधणारा नव्हे. कसला, ते उल्कानं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं तेव्हा ऐकलं नव्हतं. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला. इतके महिने घोडेस्वारी शिकून अजून कुठल्या बाजूनं चढायचं ते दयानंदला हळूच विचारायचा. त्याची आई, सकवारबाई, साताऱ्याकडून दसऱ्यासाठी लेकाकडे आलेल्या. नऊवारी नीट नेसलेल्या, हातात भलामोठा पितळी डबा. उंच तपकिरी घोड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या थेट बताशाच्या आवाराशी गेल्या.

"हाच. पांढरा म्हणजे खंडोबाचा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घोडा होता. खंडेनवमीला आधी त्याला नैवेद्य, मग घरच्यांना पान."

त्यांनी बताशाला कुंकू लावलं, माळ घातली, ओवाळलं. मग डब्याचं झाकण काढलं. आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, तिच्यात फोडलेल्या गुळाचे खडे, वर तूप लावलेल्या पुरणपोळ्यांची चळत. बताशानं मान लांब केली.

"दाखवा आणि उचला," उल्का म्हणाली.

"नैवेद्य परत न्यायचा? तसं करत नाहीत हो."

"गणपतीपुढचे मोदक कोण खातं मग? उंदीर?" उल्कानं अवधूतच्या पोटाकडे पाहिलं. "की चिरंजीव?"

पूजेला आलेल्यांतले दोघंतिघं हसले. अवधूतही हसला, जरा उशिरानं.

"मॅम, नो इश्यूज. आई फक्त दाखवेल."

"पण का नको?" सकवारबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "काही होतं का त्याला?"

"मी सांगते म्हणून नको. कारणं सांगत बसले तर संध्याकाळ होईल, आणि तरी तुम्हाला कळायचं नाही. फक्त दाखवायचं, मावशी. पहिलीतल्या पोरालाही जमतं."

तेवढ्यात पलीकडे एक बाई मोठ्या घोड्याच्या शेपटीला माळ बांधायला निघालेली दिसली. उल्का तिकडे धावली आणि तिला असं काही झाडलं की बाई माळेसकट गाडीत जाऊन बसली. ती परत आली तोवर अवधूतची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. दयानंद फाटक लावत होता. बताशा आवाराच्या आडव्या लाकडाला जीभ लावून उभा होता. उल्कानं त्याच्या गळ्यातली माळ काढून उकिरड्यावर फेकली.

"संपला एकदाचा यांचा भक्तिभाव," ती म्हणाली.

संध्याकाळी ती फोनवर गवतवाल्याला फैलावर घेत होती. पेंढ्या ओल्या पाठवल्या होत्या मेल्यानं, आणि वर तोंड करून पाऊस पाऊस करत होता. दाराशी पावलं थांबली, खोकला आला. उल्कानं हात वर करून थांब म्हटलं आणि गवतवाल्याचा उद्धार पुढं चालू ठेवला. थोड्या वेळानं पावलं मागं फिरली. ते तिला ऐकू आलं, आणि बरंच वाटलं. तेवढीच एक कटकट कमी.

दसऱ्याच्या सकाळी बताशा दारापर्यंत आला नाही. पुढचे दोन्ही पाय लांब काढून, सगळं अंग मागच्या पायांवर टाकून भिंतीला लागून उभा होता. उल्कानं वाकून खुरावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"दयानंद! बर्फ आण! मिळेल तेवढा!"

डॉक्टर गुरुराज सणाचं जेवण टाकून आले. धारवाडचे असल्यामुळे मराठी समजत होती, बोलत जपून. तोवर बताशाचे पुढचे पाय दोन बादल्यांत होते, घोट्यापर्यंत बर्फात.

"काय खाल्लं त्यानं?"

"काही नाही. माझ्याशिवाय कुणी त्याला खायला घालत नाही."

"काहीतरी गेलंय पोटात. काल, दुपारी किंवा संध्याकाळी." त्यांनी इंजेक्शन दिलं. "खाल्ल्यावर पाय दुखेपर्यंत मध्ये वेळ असतो. त्या वेळात बर्फात उभा केला, तर बरेच वाचतात. काल लावला असता तर... असो. लावत राहा. आणि खुराच्या वरच्या कडेवर, केस सुरू होतात तिथं, बोट फिरवत राहा. खळगा लागला तर हाड खाली बसलं. मग माझ्याकडे औषध नाही. एकच इंजेक्शन राहतं."

डॉक्टर गेल्यावर ती दयानंदकडे वळली.

"काल आत आणायला उशीर केलास तू. ऊन चढेपर्यंत गवतात ठेवलंस. इतकी वर्षं झाली, तुझ्या डोक्यात भुसाच. बर्फाचं पाणी ओतलं तरी भिजायचा नाही, असला भुसा."

दयानंदनं बादलीत नवीन बर्फ टाकला.

"चुकलं, अक्का," तो म्हणाला.

"चुकलं म्हणायला काय जातं तुझं!"

दुपारी अवधूत आईला घेऊन आला. आपट्याची पानं मिळाली नव्हती, म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची आणली होती. सकवारबाई सोनं द्यायला हात पुढं करून आत आल्या आणि बादल्यांत उभ्या असलेल्या बताशाला बघून जागीच थांबल्या.

"हे काय झालं? कालच्या गुळानं?"

अवधूत आपल्या बुटांकडे बघू लागला.

"कुठला गूळ?" उल्कानं विचारलं.

"नैवेद्याचा. मी दिला त्याला. डबाभर खाल्ला, मोठ्या आवडीनं." सकवारबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण अडखळला नाही. "परत न्यायचा नसतो, म्हणून दिला. त्यानं तो असा उभा राहील हे मला कुठं ठाऊक? मी विचारलं होतं तुम्हाला, काही होतं का त्याला म्हणून. तुम्ही उडवून लावलंत."

उल्का अवधूतकडे वळली.

"मला गाडीत चैन पडेना," सकवारबाई म्हणाल्या. "याला म्हटलं, बाबा रे, फोन करून एकदा सांगून टाक. म्हणतो, नको आई, त्या फाडून खातील. ह्या दादांनीही निघताना रिकामा डबा बघितला होता. ते म्हणाले, मी सांगतो."

दयानंद वाकून बर्फ फोडत होता. त्याचा हात थांबला.

"तुला माहीत होतं?"

"आलतो की, अक्का. संध्याकाळी. तुम्ही फोनवर होता."

"परत यायला काय झालं होतं?"

"तुमचं तोंड बघूनच येतोय की मी. रोजचंच हाय ते." त्यानं हे साधेपणानं सांगितलं. "काल काय धीर झाला नाही. उगवल्यावर सांगूया म्हटलं. एखाद्या वेळेस काय होणारबी नाही, असं वाटलं."

उल्कानं तोंड उघडलं. "काहून..." एवढंच आलं. राग आला की तिचं नागपूर असं बाहेर पडे आणि मग पुढची सगळी रांग आपोआप येई. आज त्या एका शब्दामागं दुसरा आला नाही. तिला दिसलं, की तिनं तोंड उघडल्याबरोबर अवधूत एक पाऊल मागं सरकला होता. एवढा मोठा बाप्या, आईच्या आड. कालपर्यंत ती यावर आठवडाभर हसली असती.

सकवारबाईंनी पानं तिच्या हातात दिली नाहीत. बर्फाच्या खोक्याच्या झाकणावर ठेवली, बताशाच्या दिशेनं हात जोडले आणि लेकाला घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर उल्का बताशाजवळून हलली नाही. ती आणि दयानंद आळीपाळीनं बर्फ बदलत राहिले, एकमेकांशी न बोलता. पहाटेच्या सुमाराला तिचा तिथंच भिंतीला टेकून डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडत होतं. बाकीचे घोडे कुरणात सोडल्याचा आवाज येत होता. बताशाला सोडायची हीच वेळ. मुसकं खुंटीवर होतं.

दाराशी पावलं आली आणि थांबली. ती वाट बघत राहिली. खोकला आला नाही.

"दयानंद," ती म्हणाली. जमेल तितक्या हळू म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "ये ना आत. काय ते सांग. मी काही बोलणार नाही."

बाहेर पाय घुटमळले.

"काही नाही, अक्का," दयानंद म्हणाला, आणि पावलं मागं फिरली.

ती उठली. बादलीच्या काठावर दयानंदचा पंचा पिळून टाकलेला होता. बताशाचा डावा पाय बादलीबाहेर होता, खाली स्वच्छ पोतं अंथरलेलं, आणि खुराच्या वरचे ओले केस पुसून नीट एका बाजूला सारलेले. ते तिनं केलेलं नव्हतं. गुडघ्यांवर बसून तिनं त्या कडेवरून बोट फिरवलं. समोरच्या बाजूला ते अलगद खळग्यात गेलं.