वर गेलेला एकटा

देशाचे रग्बीचे दोन संघ होते. एक पहिला, ज्याचे फोटो पेपरात यायचे. दुसरा आमचा. नाव भारी होतं, विकास संघ. पोरं इथे तयार व्हावीत आणि पहिल्या संघात जावीत म्हणून तो काढलेला. जावीत कसली! निवड करणारे साहेब मोठ्या क्लबांतून थेट माणसं उचलायचे आणि आम्ही चिखलात लोळून घरी जायचो. संघाच्या सगळ्या आयुष्यात वर गेला तो एकच माणूस, आणि तो मी.

आमचे प्रशिक्षक शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता. ज्याला वरून बोलावणं येईल त्याचा निरोप घ्यायचा नाही, त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, सरळ पाठ फिरवायची. "निरोप दिला की माणसाचा पाय निघत नाही," मास्तर म्हणायचे. "त्याला परत यावंसंच वाटता कामा नये." बोलावणं कुणालाच येत नसल्यामुळे तो नियम नुसताच पडून होता.

मला बोलावणं आलं तेव्हा खांब शेजारी बसून बूट सोडत होता. खांब माझा जोडीदार. उंचीवरून हे नाव पडलेलं. स्क्रममध्ये दोन्हीकडचे गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात ना, तेव्हा दुसऱ्या ओळीत आम्ही दोघं एकमेकांना विळखा घालून असायचो. दोघांच्याही कानांचा त्यात पार चोळामोळा झाला होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, उठला आणि भिंतीकडे तोंड केलं. बाकीच्यांनीही केलं. तेवढ्या पाठींमधून मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

वर एक हंगाम काढला. बाकावर. तेव्हा कुणी जखमी झालं तरच बदली मिळायची आणि माझ्या जागचा गडी बैलासारखा धडधाकट. त्याचा पाय मोडावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. ना त्याचा पाय मोडला, ना मी मैदानात पाऊल टाकलं. हंगाम संपल्यावर साहेबांनी 'शाब्बास' म्हणून मला घरी पाठवलं.

मी तडक आमच्या मैदानावर गेलो. सराव चालू होता. मला बघून खांब थबकला. मग त्यानं पाठ फिरवली आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांनी. मास्तर तर शिट्टी वाजवत लांब निघून गेले. माझं डोकंच फिरलं. रिकाम्या हातानं आलो म्हणून माझं तोंड बघायलाही तयार नाहीत, असं वाटलं. गेले खड्ड्यात! दुसऱ्या गावी टायरच्या दुकानात लागलो आणि चाकं बसवण्यात आयुष्य गेलं. बायको होती तोवर भांडायला तरी कुणी होतं. ती गेल्यापासून मी रेडिओवर ओरडतो. त्याला काही वाटत नाही.

मागच्या महिन्यात फोन आला. खांबाची बायको. तिच्या लग्नात मी नाचलो होतो.

"भावोजी, संघ बंद करतायत. रविवारी दुपारी जुन्या खेळाडूंचं जेवण आहे. ह्यांना मी विचारलेलं नाही, पण तुम्ही याच."

फोन ठेवला आणि एवढा मोठा बाप्या मी, ढसाढसा रडलो. त्यांच्या टेबलाशी मला एक खुर्ची मिळावी, बस्स. मरायच्या आधी एवढंच हवं होतं.

मैदानामागच्या हॉलमध्ये जेवण होतं. दारातून बघितलं तर सगळी टकली, सुटलेली पोटं, गुडघ्यांना पट्टे. वहिनींनी हाताला धरून आत नेलं. मला बघून खांब अर्धवट उठला. त्याचे डोळे भरून आले, हे मी नक्की बघितलं. मग तो वळला. खुर्च्या सरकल्या आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंडं केली.

"अहो, काय हा पोरखेळ!" वहिनी ओरडल्या. "एवढ्या लांबून आलेत ते!"

"खांबा," मी म्हणालो, "मी एक मिनिटसुद्धा खेळलो नाही रे. नुसता बाकावर बसून आलो."

"माहितीये," तो भिंतीलाच म्हणाला. "सगळे सामने बघितलेत आम्ही. तू कुठे दिसतोस का म्हणून."

"मग अजून राग कसला धरलायस?"

"राग?" त्याचे खांदे हलले. "वेड्या, राग कसला? आमच्यातून वर गेलेला तू एकटा. नातवंडांना आम्ही तेच सांगतो. आता तूच इथे येऊन बसलास, तर मग कुणीच गेलं नाही. मग आम्ही सगळे त्या चिखलात कशासाठी लोळलो, सांग."

मी भांडकुदळ माणूस, पण यावर काय भांडणार? मी जन्मभर ज्यांच्या नावानं बोटं मोडली, ते जन्मभर मला डोक्यावर घेऊन नाचत होते. वहिनींना हात जोडले आणि बाहेर आलो.

बसला वेळ होता, म्हणून पायरीवर टेकलो. आत कुणीतरी संघाचा इतिहास सांगायला उठलं. मास्तर, पहिलं मैदान, हरलेले सामने. मग माझी गोष्ट आली. सांगणाऱ्यानं ती इतकी रंगवली की मलाच पुढे काय झालं ते ऐकावंसं वाटायला लागलं. टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात.

वहिनी वाढलेलं ताट घेऊन बाहेर आल्या. "बोलावू का ह्यांना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको," मी म्हणालो. "विचारलंच तर सांगा, तो थांबलाच नाही."

त्या आत गेल्या. मी ताट मांडीवर घेतलं आणि एकटाच जेवलो.