लव्हॉनचं भविष्य

आर्डिस टॉर्गरसनच्या जिभेला हाड नव्हतं, आणि नेमकं त्यासाठीच शाळेच्या वार्तापत्र मंडळाने त्या वर्षी भविष्य लिहिण्याचं काम तिच्याकडे दिलं. मेच्या अखेरीस शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाची एक संध्याकाळ असायची. त्या संध्याकाळी साऱ्या गावासमोर स्टेजवरून वर्गाचं भविष्य वाचायचं, वीस वर्षांनी कोण कुठे असेल ते सांगायचं, ही त्या छोट्या अमेरिकन गावातली जुनी रीत होती. खरं भविष्य ऐकायला अर्थात कोणीच येत नसे, येत ते फजिती ऐकायला. जो मुलगा आरशासमोरून हलत नाही त्याला टक्कल पडायचं. शेतकऱ्याशी मेले तरी लग्न करणार नाही म्हणणाऱ्या मुलीला बारा डुकरं आणि एक शेतकरी मिळायचा. यात नियम एकच, कोणालाही सोडायचं नाही.

मंडळं त्या शाळेत उदंड होती. मुलं मूठभर आणि मंडळं पायलीभर. लॅटिनचं, नाटकाचं, गाण्याचं, ग्रंथालयाचं, पुढे गृहिणी होणाऱ्या मुलींचं, पुढे शेतकरी होणाऱ्या मुलांचं, आणि बास्केटबॉलच्या सामन्यांत घसा फोडणाऱ्या मुलींचं तर सगळ्यांत मोठं. लव्हॉन स्ट्रँड यांतल्या जवळजवळ प्रत्येक मंडळात होती. लॅटिन तिला ओ की ठो कळत नसे, पण लॅटिन मंडळाच्या रोमन मेजवानीला चादर गुंडाळून सगळ्यांत मोठ्याने खिदळणारी तीच. गाण्याच्या मंडळात ती नको तिथे हसायची. सर तिला बाहेर काढायचे आणि पुढच्या गाण्याला मुकाट्याने परत बोलवायचे, कारण तिच्याइतका वरचा सूर दुसऱ्या कोणाला लागत नव्हता. आर्डिस आणि ती पहिलीपासून एकमेकींना चिकटलेल्या. एकीने बोलायचं आणि दुसरीने हसायचं, अशी त्यांची वाटणी होती.

हिवाळ्यापासून लव्हॉन खंगत चालली. कुठे साधं टेकलं तरी अंगावर काळेनिळे डाग उठायचे, नाकातून रक्त यायचं, जिना चढताना मध्येच बसायला लागायचं. रक्त कमी झालंय, असं तिला सांगितलं होतं. अधूनमधून वडील तिला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात न्यायचे. तिथे दुसऱ्या कोणाचं रक्त चढवलं की ती गाल लाल करून परत यायची.

"या वेळी कोणा दारुड्याचं दिलंय वाटतं," ती आर्डिसला म्हणाली. "सकाळपासून नुसती गाणी सुचतायत."

खरं काय ते तिच्या आईने एप्रिलमध्ये हाउगेनबाईंना सांगितलं. पोरीला शाळेतच काही झालं तर कोणाला तरी माहीत असलेलं बरं. हाउगेनबाई इंग्रजी शिकवायच्या आणि वार्तापत्र मंडळ बघायच्या. त्यांनी आर्डिसला आणि तिच्या वर्गातल्या ड्वेनला मंडळाच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. भविष्य आर्डिस लिहिणार होती आणि ड्वेन ते टाइप करणार होता. खोलीत सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास भरलेला.

"लव्हॉनला रक्ताचा कर्करोग आहे," बाई म्हणाल्या. वर्गात शिंकसुद्धा खपवून न घेणाऱ्या बाई, आणि हातातला रुमाल पिळत होत्या. "उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही म्हणतात. पण तिला कळता कामा नये. डॉक्टरांनी बजावलंय, कळलं तर आत्ताच हाय खाईल. मिसेस स्ट्रँडना मी शब्द दिलाय. तुमच्या तोंडून एक अक्षर निसटायला नको. आर्डिस, तुला जास्त सांगतेय."

आर्डिसने हातातली भविष्याची वही मिटली.

"मग भविष्यात तिचं काय लिहायचं?" ड्वेनने विचारलं.

"लिहा काहीतरी चांगलं," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

त्या काळी रोग ज्याला झाला त्याला सोडून बाकी सगळ्या गावाला सांगायची पद्धत होती. मेच्या मध्यापर्यंत लोणी कारखान्यातल्या माणसांपासून चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. जो तो लव्हॉनला रस्त्यात थांबवून छान दिसतेस म्हणू लागला.

"अख्खं गाव माझ्या प्रेमात पडलंय," लव्हॉन म्हणाली. दोघी मैदानाच्या लाकडी पायऱ्यांवर डबा खात होत्या, म्हणजे आर्डिस खात होती. "ते जाऊ दे, माझं काय लिहिलंस?"

"सांगत नसतात."

"नुसतं लठ्ठ करून सोडू नकोस हं. लठ्ठ तू बर्निसला करणारच आहेस. मला काहीतरी झणझणीत दे. माझी आई लाजेने खुर्चीखाली गेली पाहिजे."

"तुझ्या आईला खुर्चीखाली घालायला मोठी खुर्ची लागेल," आर्डिस म्हणाली. लव्हॉन ठसका लागेपर्यंत हसली. मग तिने नाकाला रुमाल धरला, आणि रुमाल लाल झाला.

आर्डिसने मनापासून प्रयत्न केला. लव्हॉनला नऊ पोरं होतील आणि नवव्याचं नाव ठेवायची ती विसरेल, असं लिहिलं. ते फाडलं. लव्हॉन चौथ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत हसल्याबद्दल तुरुंगात जाईल. तेही फाडलं. लव्हॉनचे दात पडतील पण बडबड पडणार नाही. हे लिहून झाल्यावर ती कागदाकडे बघत बसली. यातल्या प्रत्येक थट्टेत गोम एकच होती, माणसाला म्हातारं व्हावं लागत होतं. टक्कल, ढेरी, कवळी, नातवंडं, या सगळ्याला आयुष्य लागतं. ते नसलेल्या माणसाची फजिती करायची कशी, हे तिला काही केल्या जमेना. तिला लव्हॉनचा राग आला, स्वतःचा आला, देवाचा तर फारच आला.

शेवटी तिने लिहिलं ते असं: वीस वर्षांनी लव्हॉन स्ट्रँड शिकागोच्या सर्वांत मोठ्या सभागृहात पांढऱ्या रेशमी झग्यात गाईल. आपलं अख्खं गाव खास आगगाडीने तिथे जाईल. तिचा वरचा सूर ऐकून माणसं उभी राहतील, आणि स्टेजवर पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकी फुलं पडतील. ते टाइप करताना ड्वेनने दोनदा चष्मा पुसला. हाउगेनबाई म्हणाल्या, "तुझ्या हातून इतकं सुंदर आजवर काही उतरलं नव्हतं." तिघंही हुशार माणसं, आणि तिघंही समाधानाने घरी गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचं सभागृह खचाखच भरलं. आर्डिसने जत्रेतल्या भविष्य सांगणाऱ्या बाईसारखा डोक्याला आईचा लाल रुमाल बांधला होता. पुढ्यात जीवशास्त्राच्या वर्गातलं माशांचं काचेचं भांडं पालथं ठेवून ती त्यात डोळे रोखून बघत होती. पहिल्याच ओळीला हशा उसळला, आणि मग तो थांबेचना. बर्निस लठ्ठ झाली. ड्वेनने स्वतःच्या लग्नाची पत्रिका टाइप केली आणि तीत बायकोचंच नाव चुकवलं. रॉजरला लष्कराचं बोलावणं आलेलं, पुढच्या महिन्यात तो कोरियाला जाणार होता, पण त्यालाही तिने सोडलं नाही. वीस वर्षांनीही तो लष्कराच्या स्वयंपाकघरात बटाटेच सोलत असेल आणि सेनापती येऊन त्याच्या साली मोजेल, असं ऐकल्यावर सगळ्यांत जास्त हसला तो रॉजरच.

मग लव्हॉन. ती पुढच्या रांगेत कडेला बसली होती, निळ्या फ्रॉकमध्ये, हसायच्या तयारीने तोंड आधीच उघडून.

आर्डिसने वाचलं. शिकागो आलं, लोक हसायचे थांबले. पांढरा झगा आला, आगगाडी आली. पाठीमागे कोणीतरी हुंदका दिला. फुलांपर्यंत येईतो कोणी खोकतही नव्हतं. वाचून संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, एक जण उठला, मग बाकीचे उठले. आया डोळे पुसत होत्या आणि गिऱ्हाइकांवर सतत खेकसणारा औषधांचा दुकानदारसुद्धा उभा होता.

लव्हॉन एकटी बसून होती. तिने मान वळवून उभ्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे, मग स्टेजवर आर्डिसकडे. तिचं तोंड हळूहळू मिटलं.

पुढची नावं आर्डिसने कशी वाचली ते तिचं तिलाच माहीत नाही. संपल्यावर ती स्टेजमागच्या खोलीत गेली, तर गाण्याच्या मंडळाच्या टांगलेल्या झग्यांमध्ये लव्हॉन उभी होती.

"किती दिवस उरलेत?"

"कसले दिवस?"

"आर्डिस, कोरियाला चाललेल्या रॉजरची तू सगळ्यांसमोर चड्डी काढलीस. आणि मला फुलं?" तिचा आवाज चिरकला. "डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, मी मानलं. आई म्हणाली, मी मानलं. अगं, पण तू गोड बोललीस! तू!"

त्या वेळी आर्डिसने हसायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती, 'गायिका म्हणे! बेडूक मेला!' असं काहीही चाललं असतं. ती रडायला लागली.

"म्हणजे थोडेच," लव्हॉन म्हणाली आणि एका झग्याची बाही मुठीत धरून उभी राहिली. बाहेर खुर्च्या सरकवून नाचासाठी जागा करत असल्याचा आवाज येत होता.

"आईला कळू द्यायचं नाही, मला कळलंय ते," ती शेवटी म्हणाली. "मला ऐकू यावं म्हणून रोज सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणते ती. मला काही ठाऊक नाही, तेवढ्यावर उभी आहे बघ. मी पण तिच्यासाठी करीन नाटक, मला येतं. तुला येत नाही. तू आमच्याकडे येऊ नकोस."

"काय?"

"उन्हाळाभर यायचं नाही. तू आईसमोर अशीच भोकाड पसरशील आणि सगळं बाहेर येईल."

"नाही गं रडणार. शप्पथ, नाही रडणार."

"रडतेयस की आत्ता." लव्हॉनने तिचं नाक आपल्या रुमालाने पुसलं, जरा जोरातच. "यायची नाहीस म्हणून शपथ घे."

आर्डिसने शपथ घेतली. लव्हॉन बाहेर गेली, ड्वेनबरोबर एक नाच नाचली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं हसली.

जून गेला, जुलै गेला. मिसेस स्ट्रँडचे फोन यायचे, लव्हॉनला जरा बरं वाटतंय, येऊन जा. आर्डिसने घसा दुखतोय म्हणून सांगितलं, मग कामावर जाते म्हणून सांगितलं, मग आईला फोन उचलायला लावला. एकदा राहवेना म्हणून ती त्यांच्या रस्त्याने गेली, पलीकडच्या बाजूने. ओसरीवर लव्हॉन गोधडी पांघरून बसली होती, भर उन्हाळ्यात. दोघींनी एकमेकींना पाहिलं. आत भांडी वाजत होती. लव्हॉनने मासिक उचलून तोंडापुढे धरलं, आणि आर्डिस चालत राहिली. रात्री ती उशीत तोंड खुपसून ओरडली.

ऑगस्टमध्ये लव्हॉन गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायका कॉफी ओतत होत्या आणि अंड्यांची सँडविचं वाढत होत्या. मिसेस स्ट्रँड हातात कप धरून उभ्या होत्या, त्यातली कॉफी निवून गेली होती. आर्डिस समोर आली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं नाही.

"तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "ती देवाची मोठी कृपा. शेवटच्या आठवड्यात सुद्धा विचारत होती, कॉलेजला कुठला कोट नेऊ."

"हो, मिसेस स्ट्रँड."

"पण तुझी वाट बघायची. रस्त्यावर पाऊल वाजलं की मान वळवायची. मी म्हणायचे, येईल गं, कामात असेल." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "बारा वर्षं तू आमच्या टेबलावर जेवलीस. मला एकच सांग. तुला आजाऱ्याची किळस वाटली का?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य आर्डिसच्या ओठांशी आलं होतं. मिसेस स्ट्रँड तिच्याकडे बघत होत्या, त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि त्या अजून उभ्या होत्या.

"हो," आर्डिस म्हणाली.

मिसेस स्ट्रँडनी मान हलवली आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.