यमुनाबाईंचा नवरा

"अहो, तुम्ही आत कशाला आलात?" हे शब्द यमुनाबाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण त्या स्टेजवर होत्या, हातात माइक होता आणि समोर दोनशे माणसं बसली होती.

कॉव्हेंट्रीतल्या एका सोशल क्लबातला रविवार दुपारचा कार्यक्रम. क्लबचा सेक्रेटरी डेरेक मागच्या दारानं जयंतरावांना हाताला धरून आत आणत होता. बाहेर बर्फ पडत होता आणि गाडीचा हीटर बिघडलेला. साठीतल्या माणसाला तसं गारठत ठेवणं डेरेकच्या जिवावर आलं असावं. त्यानं त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं, हातात चहाचा कप दिला.

गेली बारा वर्षं बायकोला गावोगावच्या क्लबांत पोचवायचं काम जयंतरावांचं. पण ते आत कधी आले नव्हते. "मला बघून अडखळशील," म्हणायचे आणि पेपर उघडून गाडीतच बसायचे. यमुनाबाईंनीही कधी आग्रह केला नाही. त्याला कारण होतं.

गिरणगावात त्यांच्या आईची खानावळ होती. दहा वर्षांची यमुना पोळ्या वाढता वाढता गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि जेवणाऱ्यांना हसून ठसका लागायचा. लग्न होऊन इंग्लंडला आल्यावर ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागली. एक्याऐंशी साली जयंतराव कामाला होते तो कारखाना बंद पडला. पुढच्या वर्षी ख्रिसमसच्या जेवणात कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. तिनं खानावळीतल्या गमती सांगितल्या. कुणी हसलं नाही. घाबरून ती म्हणून गेली, "आमचे हे सोफ्यावर इतके बसून असतात, की घरातलं सामान मोजायला आलेल्या कौन्सिलच्या माणसानं त्यांना फर्निचरमध्ये मोजलं!"

लोकांची हसून मुरकुंडी वळली. तेव्हापासून घर चाललं ते स्टेजवरच्या त्या आळशी नवऱ्यावर.

आज यमुनाबाईंनी त्याला टाळायचं ठरवलं. बसमधल्या गमती सांगितल्या, हवेला नावं ठेवली, शेजारणीची नक्कल केली. एकेक विनोद जागच्या जागी मरत होता. कुणीतरी उठून बारकडे गेलं.

"डू द हजबंड, लव्ह!" पुढून एक बाई ओरडली.

मग टेबलं वाजायला लागली. "फर्निचर! फर्निचर!" सगळ्यांना पाठ होतं.

शेवटच्या रांगेत जयंतरावही हसत होते. काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारत होते. शेजाऱ्यानं खांदे उडवले, तेव्हा कप मांडीवर सांभाळत त्यांनीही इतरांबरोबर टेबलावर ठेका धरला.

यमुनाबाईंनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दुसरं काही उरलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

वीस मिनिटांनी हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. जयंतराव तेवढे बसलेले; इंटरव्ह्यूला बसावं तसे ताठ, कप दोन्ही हातांत धरून.

परतताना जयंतराव काचेवरचं धुकं पुसत गाडी चालवत राहिले.

सकाळी यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. "ब्रिस्टलच्या क्लबला फोन करून सांगते, कार्यक्रमाला येत नाही म्हणून. हे सगळं बंदच करते मी."

"कशाला? लोक हसत होते की." जयंतराव इस्त्रीचं टेबल उघडत होते. इस्त्रीची पिन लावता लावता म्हणाले, "एक विचारू? मी एकशेबारा अर्ज केले होते नोकरीसाठी. ते कधी सांगत नाहीस का गं?"

"त्याला कोण हसेल हो?"

त्यांनी खरंच विचार केला.

"हं. तेही खरंय."

मग बोट ओलं करून त्यांनी इस्त्री तापलीय का ते पाहिलं. ब्रिस्टलसाठी काढलेली निळी साडी टेबलावर पसरली, आणि पदराच्या टोकापासून एकेक सुरकुती मोडायला घेतली.