आरशातलं बोट

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टी मनापासून आवडतात: त्याची ताई, आणि ताई म्हणेल ते. तिसऱ्या नंबरवर मी असेन कदाचित, पण तिथेही जुन्या पान्यांचा एक डबा माझ्याशी स्पर्धा करतो.

ताई म्हणजे माझी नणंद. ती गॅरेज चालवते. सासऱ्यांनी ते मुलाला न देता मुलीच्या हवाली केलं आणि मुलाला त्याचं वाईट वाटायचं सोडून अभिमान वाटतो. ऑफिस सुटलं की स्वारी आधी गॅरेजमध्ये आणि मग घरी. येताना हाताला ग्रीस आणि तोंडी "ताई म्हणत होती". ती त्याला अजून छोट्या म्हणते. या छोट्याचे निम्मे केस पिकलेत.

मी गाडी चालवते. माझी स्वतःची जुनी आठ सीटची गाडी आहे, ती भाड्याने नेते. काही आठवड्यांपासून ही गाडी मागून रडायला लागली होती. वेग वाढवला की मागच्या सीटखालून बारीक, लांबलचक कुंईऽऽ. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गप्प. मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "टायरचा असेल." मग एकदा ताई आमच्या दारावरून जाताना थांबली, गाडीखालचा तेलाचा डाग बघितला आणि म्हणाली, "छोट्या, डिफरन्शियल गळतंय." हा माणूस चहा अर्धवट टाकून उठला.

"तरीच आवाज येत होता," मला म्हणाला. मलाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ताईचं आणि माझं कधी भांडण झालेलं नाही. भांडायला दोघींनी बोलावं लागतं. मी काही बोलले की ती "काय?" म्हणते, नाहीतर नुसती मान हलवून कामाला लागते. तेच तो बोलला की लगेच उत्तर. माझा आवाज बारीक आहे हे मला शाळेपासून ऐकवलं गेलंय, पण म्हणून माणसाला इतकं काडीमोल समजायचं? गॅरेजच्या दारात उभी राहून मी त्या दोघांना एका गाडीखाली आडवं पडून हसताना बघायचे. हेवा वाटायचा मला, दुसरं काय.

शनिवारी दुपारी आम्ही गाडी ऐकायला निघालो. मी स्टिअरिंगवर, ताई माझ्या शेजारी, नवरा मागे, बरोबर आवाजाच्या डोक्यावर. निघताना ताईने हात वर केला आणि मधला आरसा सरळ स्वतःकडे फिरवून घेतला. माझ्या गाडीतला, माझा आरसा. न विचारता.

"मला मागचं दिसत नाहीये," मी म्हणाले.

"काय?" ताई म्हणाली.

"बाजूचे आरसे आहेत की," मागून नवरा बोलला. मी गिअर टाकला, तोही जरा जोरातच.

मोकळ्या रस्त्यावर ताई म्हणाली, "वाढव." कुंई सुरू झाली. "सोड." थांबली. पुन्हा "वाढव." मधला आरसा नाही म्हटल्यावर वळताना मला मान मोडून मागे बघावं लागलं, आणि तेव्हा मला दिसलं. नवऱ्याचं बोट त्याच्या हनुवटीवर टकटक वाजत होतं आणि ताई आरशातून त्या बोटाकडे बघत होती. त्यांचे लहानपणापासूनचे इशारे असणार, मला वाटलं. टिंगल चालली होती, तीही बहुतेक माझ्या गाडी चालवण्याची. मी गाडी वळवून गॅरेजवर परत आणली.

"ताण दिला की येतो, सोडला की जातो," ताईने निदान केलं. "पिनियनच्या बाजूला आहे. आत तेल कमी झालंय."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद त्याच्या आतले दात दोन्ही चाकांना वाटून देतात, आणि ते दात कायम तेलात असावे लागतात. एवढं मलाही कळतं. बाकीचं ताईने गाडी वर उचलून नवऱ्याला समजावलं आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं. इंजिनाकडून येणारा दांडा जिथे गोळ्यात शिरतो, तिथे, म्हणजे पिनियनपाशी, तेल अडवणारं रबरी सील ओलंगार होतं. गोळ्याच्या वर हवा सुटायला एक छोटी नळी असते, ती चिखलाने बुजली होती. गोळा तापला की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला ढकलते, आणि तेल सीलमधून बाहेर येतं. ताईने मागचं झाकण काढलं, उरलेलं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. त्यात धातूची चमक नव्हती.

"दात वाचले," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस चालवली असती तर गेले असते."

मग तिने दांड्याच्या नटावर आणि दांड्यावर एकेक खूण ठोकली. "लावताना खुणेला खूण आली पाहिजे, छोट्या. नटामागे आत एक स्पेसर आहे, नळीसारखी पातळ कडी, ती मापातच दबलेली असते. जास्त आवळलं तर बेअरिंग जखडेल."

याच सुमाराला तिच्या पाठीमागे कंप्रेसरचा पाइप सैल झाला आणि बारीक शिट्टी वाजायला लागली. माझे कान किटले. ताई मात्र हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत म्हणाली, "हवा का उतरतेय?" आणि पाइपवरून तळहात फिरवत निघाली, शिट्टीच्या अगदी उलट टोकापासून. नवरा झटकन उठला, पाइप दाबून बसवला आणि काही झालंच नाही असा परत आला.

मी तिथेच थबकले. ताईला बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. ना कुंई, ना शिट्टी, ना मी. ती आरशात टिंगल बघत नव्हती. आवाज कधी येतो आणि कधी जातो, ते ती त्याच्या बोटावरून वाचत होती. संध्याकाळी तो गॅरेजमध्ये का जातो, तेही कळलं.

खरं तर मला तिची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्यावर लगेच दुसरं काहीतरी चढून बसलं. इतकी वर्षं "ताई माझं ऐकत नाही" म्हणून मी याच्यासमोर रडले, आणि हा माणूस मूग गिळून बसला. मला एक शब्द सांगितला असता तर मी मोठ्याने बोलले असते. पण नाही. ताईचं गुपित बायकोलासुद्धा द्यायचं नव्हतं.

नवीन सील बसलं. नळी साफ झाली. एक गिऱ्हाईक आलं म्हणून ताई पुढे गेली आणि नट आवळायचं काम छोट्यावर आलं. त्याने खुणेला खूण आणली. थांबला. सीलकडे बघितलं. मग जोर यायला पान्याला लांब लोखंडी पाइप लावून अजून एक दणका दिला.

"अहो, खूण पुढे गेली," मी म्हणाले.

"परत गळायला नको. ताईचं नाव खराब होईल."

"खुणेला आहे ना?" ताईने येऊन विचारलं.

"खुणेला," तो म्हणाला आणि फडक्याने हात पुसले.

तेल भरून आम्ही पुन्हा निघालो. आरसा पुन्हा ताईकडे. मी वेग वाढवला, आणि कुंई आली. या वेळी वेगळी होती, जास्त बारीक, आणि पाय काढला तरी थांबत नव्हती. मी मान वळवून बघितलं. नवऱ्याचं बोट हनुवटीवर होतं, पण हलत नव्हतं.

"गेला की आवाज," ताई आरशात बघत म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला.

"गेला," नवरा म्हणाला.

उद्या पहाटे मला एक कुटुंब घेऊन डोंगरातल्या रस्त्याने जायचं होतं. ते भाडं त्यानेच ठरवून दिलं होतं. त्याला कुंई ऐकू येत होती, आणि नट कुणी आवळलाय तेही माहीत होतं. तरी ताईसमोर चूक कबूल करण्यापेक्षा बायकोने जखडलेली गाडी वळणांवरून न्यावी, हे त्याला चालत होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. क्षणभर वाटलं, आपणही गप्प बसावं. उद्या गाडी कुठेतरी बंद पडेल, मग ताईच्या नावाने खडे फोडायला मी मोकळी. आणि मग वाटलं, गाडीत मी असेन, ताई नसेल.

तोंडाने बोलून उपयोग नव्हता. ती "काय?" म्हणाली असती आणि मागून त्याने उत्तर दिलं असतं. मी स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर, ताईला दिसेल असं बोट आपटायला सुरुवात केली. वेग वाढवला, बोट चालू. पाय काढला, बोट चालूच.

ताईने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग आरशाकडे. मग परत माझ्या बोटाकडे.

"थांबव," ती म्हणाली.

तिने उतरून गाडीखाली हात घातला, आणि लगेच मागे घेतला. "एवढ्याशा अंतरात तापलंय. छोट्या, नट कुठवर आवळलास?"

तो उतरला होता, पण गाडीपासून लांब उभा होता. "जरासा पुढे," म्हणाला.

ताई चिडली नाही. "स्पेसर दबला असणार. आता सगळं परत उघडून नवा घालायचा." एवढंच म्हणून ती आत येऊन बसली. हात वर केला आणि आरसा माझ्याकडे फिरवला, नीट, मला काच पूर्ण दिसेपर्यंत.

"तुझं बोट मला इथूनच दिसतं," ती मला म्हणाली. "काम झालं की पुन्हा ऐकायला निघू. आपण दोघीच."

"आणि मी?" मागच्या सीटवर येऊन बसत नवऱ्याने विचारलं.

"तू घरी जा," ताई म्हणाली.

मी हळूहळू गाडी वळवली आणि आरशात बघितलं. त्याचं बोट सवयीने हनुवटीवर गेलं होतं आणि आता खरंच टकटक करत होतं. तिकडे कुणीच बघत नव्हतं. ताईचे डोळे माझ्या हातावर होते, आणि तो तिच्याकडे बघत होता. ते तोंड मी ओळखलं. गॅरेजच्या दारात उभी असताना इतकी वर्षं ते माझं होतं.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.