रोलरच्या पलीकडून

"मॅडम, तिथं नका उभ्या राहू," धाकटी ओरडून म्हणाली. लॉन्ड्रीत ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच जात नाही. "इकडं या, माझ्या बाजूला."

"का? मागून काम जास्त नीट दिसेल ना?"

"वाफ येते हो तिकडं."

वाफ येत होती हे खरं. पण नुसत्या वाफेला भिणारी बाई नव्हती धाकटी. अर्धा जन्म वाफेतच गेला होता तिचा.

मॅडम प्रौढांच्या पदवी वर्गाच्या परीक्षक. आज त्या इस्पितळाच्या तळघरातल्या या लॉन्ड्रीत आल्या होत्या, कारण इथली सुपरवायझर असलेल्या धाकटीच्या पदवीची शेवटची अट इथेच पुरी व्हायची होती. पदवी संघटनात्मक नेतृत्वाची. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकटीचा नवरा पोट धरून हसला होता. "भांडणं मिटवायचा पेपर आहे? लावायचा असता तर पहिली आली असतीस!" हसू दे बापडा. पन्नाशी उलटल्यावर ती शनिवार-शनिवार वर्गात जाऊन बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीच्या अनुभवाचे थोडे श्रेयांक पदरात पडले, बाकीचे तिने डोळे फोडून मिळवले. पदवी हातात आली तर लॉन्ड्रीची मॅनेजर तीच होणार होती. नाही आली, तर बाहेरून कुणीतरी साहेब येऊन बसणार आणि चादर कुठून धरायची हेही हिलाच त्याला शिकवावं लागणार.

शेवटची अट मात्र चमत्कारिक होती. आपल्या कामाच्या जागी एक बदल घडवून दाखवायचा, पण हुकूम सोडून नाही. हाताखालच्या एकूण एक माणसानं तो आपणहून मान्य केला पाहिजे, आणि परीक्षक समोर उभं राहून प्रत्येकाला तसं विचारणार. एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळं पाण्यात.

बदल होता रोलरवरचा. ओल्या चादरी अलीकडून रोलरमध्ये घालायच्या, त्या इस्त्री होऊन पलीकडे निघतात, तिथे दुसरी बाई त्या ओढून घेते. रोलर माणसापेक्षा उंच, त्यामुळे पलीकडचं माणूस दिसत नाही. म्हणून रोलर फिरवायचं पॅडल पायानं दाबण्याआधी अलीकडून विचारायचं, "देऊ का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "दे गं." ही रीत पाडली थोरलीनं, म्हणजे धाकटीच्या मोठ्या जावेनं. पलीकडची जागा तिची होती. एकदा इस्पितळाचे मोठे डॉक्टर गंमत म्हणून चादर घालायला उभे राहिले, तर त्यांनाही थोरली "दे गं" म्हणाली होती! तेव्हापासून विचारणारं कुणीही असो, लहान असो थोर असो, उत्तर तेच.

थोरली वरच्याच वॉर्डात गेली. छातीत दुखतंय म्हणून चालत जिना चढून गेली ती परत उतरली नाही. तिच्या खाटेवरची चादर इतर चादरींबरोबर खाली आली, धुतली गेली आणि रोलरमधून पार झाली. त्या दिवशी मागे कुणी उभंच नव्हतं. रडता रडता धाकटीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "देऊ का?"

"दे गं," पलीकडून आवाज आला.

धाकटी धावत मागे गेली. कुणी नाही. चादर मात्र निघत होती, गरम, सपाट.

पुढे तो आवाज अधूनमधून येतच राहिला. बाकीच्या बाया म्हणायच्या, वाफेचा पाइप शिट्टी मारतो. असं म्हणायच्या आणि मागच्या बाजूला जायचं टाळायच्या. धाकटीला सुरुवातीला भीती वाटली, मग खरं सांगायचं तर बरं वाटायला लागलं. हिच्या शनिवारच्या वर्गासाठी दोन-दोन पाळ्या अंगावर घेणारी जाऊ होती ती. "तू शीक, मी ओढते चादरी," म्हणणारी. ती पलीकडे उभी आहे असं वाटलं की हात भरभर चालायचे.

मग थोरलीची लेक आईच्या जागी कामाला लागली आणि मागे उभी राहू लागली. एक दिवस उशीचा अभ्रा रोलरमध्ये अडकला, तो काढायला पोरीनं हात आत घातला. इकडे धाकटीनं विचारलं, "देऊ का?" उत्तर आलं, "दे गं." हिनं पॅडल दाबलं. पोरीची किंकाळी ऐकून अख्खी लॉन्ड्री जागच्या जागी थिजली. बोटं वाचली, पण चांगलीच भाजली.

"मी नव्हते म्हटलं, काकू," पोरगी हुंदके देत म्हणाली होती.

"मग कोण म्हटलं?" असं धाकटीनं विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

म्हणून आता दिवा. मागच्या माणसानं बटण दाबलं की पुढे हिरवा दिवा लागणार, आणि तो लागल्याशिवाय पॅडल हलणारच नाही. विचारायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. इलेक्ट्रिशियननं सगळं जोडून ठेवलं होतं. बाकीच्या बायांनी एकमुखानं हो म्हटलं होतं. फक्त पोरगी गप्प होती.

मॅडमनी एकेकीला विचारत विचारत शेवटी तिला गाठलं. बोटांना अजून पट्टी होती तिच्या.

"तुम्हाला मान्य आहे हा बदल?"

"नाही."

पोरीला ओरडावं की जवळ घ्यावं, धाकटीला कळेना.

"हात तर तुमचाच भाजला ना?" मॅडम चकित झाल्या. "मग नकार का?"

"इथलं बोलणं बंद होईल मॅडम. मला ते बंद व्हायला नकोय." पोरगी खाली बघत होती. "पदवी काकूंची आहे. माझ्याकडे एवढंच उरलंय."

मॅडमना यातलं अक्षरही उमगलं नाही. त्यांनी जरा विचार केला. "असं करू. जुनी पद्धत मला एकदा दाखवा. मी मागे यांच्या शेजारी उभी राहते."

आता नाही कसं म्हणणार? धाकटीनं दिव्याचा खटका बंद केला आणि ती आपल्या जागी आली. पलीकडे मॅडम आणि पोरगी. मध्ये तो उंच रोलर, फुसफुसणारा. तिनं चादरीची दोन टोकं धरली.

"देऊ का?"

पोरीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मुद्दामच.

"दे गं."

आवाज स्पष्ट होता, थोडा घोगरा. मॅडमनी पोरीकडे पाहिलं, मग आपल्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे नुसती वाफ होती. "कोण... कोण बोललं?" त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं, ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"आई," पोरगी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

ते हसू धाकटीला दिसलं नाही, पण ऐकू आलं. मान्य कर म्हणून पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? मिळालेली आई पुन्हा हिरावून घ्यायची, तीही स्वतःच्या पदवीसाठी? नको ती पदवी, असंही मनात येऊन गेलं. पण डोळ्यांसमोरून ती पट्टी हलेना.

तिनं पाय पॅडलवरून काढला. दोन पावलं मागे सरकली. मग चादर तशीच हातात धरून तिनं हाक मारली. सवयीच्या आवाजात नाही, घरी चुलीपाशी मारायची तशी.

"जाऊबाई! पोरीचा हात आत अडकलाय. तुमच्या लेकीचा हात. देऊ का?"

लॉन्ड्रीतल्या बायांनी हातातल्या चादरी तशाच धरून ठेवल्या.

"दे गं," पलीकडून आवाज आला. तसाच. तेवढाच. ना मोठा, ना लहान.

पोरगी हातभर मागे उडाली. वाफेकडे बघत राहिली. आईचा आवाज होता, शंकाच नको, पण त्या आवाजात आई कुठेच नव्हती. मग पोरीनं स्वतः जाऊन दिव्याचा खटका चालू केला, पट्टीच्या बोटांनी बटण दाबलं आणि पुढे धाकटीच्या समोर हिरवा दिवा लागला.

"मान्य आहे," ती मॅडमना म्हणाली. एवढंच.

मॅडमनी पर्समधलं दुसरं पेन काढून काहीतरी लिहून घेतलं. जाताना धाकटीला म्हणाल्या, "तुम्ही उत्तीर्ण आहात. अभिनंदन." आणि जिना अक्षरशः पळत चढून गेल्या. त्यांचं पेन कुणीतरी उचलून फळीवर ठेवलं.

पाळी संपेपर्यंत दिवा लागत राहिला, विझत राहिला. रोलर थंड झाल्यावर घडी घालायच्या मोठ्या चादरी तेवढ्या उरल्या, त्या दोघीदोघींनीच घालाव्या लागतात. पोरगी समोर येऊन उभी राहिली. दोघींनी टोकं धरली.

"काकू, ती आई होती का?"

"तुझी आई?" धाकटीला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. "तुझा हात अडकलाय, देऊ का, असं विचारलं म्हणून आधी मला चार शिव्या हासडल्या असत्या तिनं. रोलरवरून उडी मारून आली असती इकडे."

पोरीनं मान डोलावली. चादर ताणून त्यांनी मधे दुमडली आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या. धाकटीनं पोरीच्या हातातली टोकं अलगद घेतली, पट्टीला धक्का न लावता.